आभाळातल्या बसमधली बाई

निपाणीच्या आमच्या घरात रेकॉर्ड प्लेअर आला तो चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी ऐकायला. त्यावर कधी अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं फंक संगीत वाजेल, असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण आत्याचा मुलगा, आमचा अण्णा, जहाजावर नोकरीला लागला आणि पहिल्याच सुट्टीत इंग्लंडच्या बंदरातून एक रेकॉर्ड घेऊन आला.

"सगळ्या गाण्यांत मिळून एकच गोष्ट हाय," तो म्हणाला. "आभाळातनं जाणाऱ्या बसची."

पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं. थोरली आक्का कॉलेजात इंग्रजी शिकत होती, पण ते उच्चार तिलाही कळेनात. मग कव्हरवरची चित्रं बघत तिनंच गोष्ट रचली. दुपारी आई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची आणि आक्का एकेका गाण्यावर सांगत जायची. टोपली घेतलेली एक बाई चांदण्यांच्या थांब्यावर बसमध्ये चढते, ढगाढगांतून फिरते, शेवटच्या गाण्यात उतरते. बेस गिटारची जाड तार घुमू लागली, की शेणानं सारवलेली जमीन हलकेच तरंगते आहे असं मला वाटायचं. तंबाखूचा वास, दारातलं ऊन, आईची बोटं, सगळंच त्या ठेक्यात वाहायचं.

पुढं अण्णानं तीच रेकॉर्ड जपानहून आणली. कव्हर निराळं होतं. लावली, आणि आईचे हात थांबले.

"अगं, ही बाई शेवटाला उतरती न्हवं? आज चढायच्या आधीच उतरली व्हय?"

गाण्यांचा क्रमच बदलला होता.

"देश बदलला की कंपनी असंच करती, मामी," अण्णा म्हणाला.

शेवटी तर एक जास्तीचं गाणं निघालं. संथ, आम्ही कधीच न ऐकलेलं. त्या गाण्याची गोष्ट आक्काकडं नव्हती.

तेव्हा आई बोलू लागली. तिनं आम्हाला तोवर एकही गोष्ट सांगितली नव्हती.

"बाई उतरली त्ये गाव लई लांबचं. पाण्याला हिरीवर गेली. तू कुठल्या आळीची, असं कुणी इचारलं न्हाय. तिथल्या एकीनं दोर तिच्या हातात दिला. म्हणाली, तूच शेंद की गं."

"मग?" आक्कानं हळूच विचारलं.

"मग काय! प्याली पोटभर."

गाणं संपून सुई खरखरत राहिली. कुणी उठलं नाही.

त्यानंतर दुपारची गोष्ट आईच सांगायची. लग्न होऊन आक्का बेळगावला गेली, तेव्हा तिनं जपानची रेकॉर्ड मागून घेतली, आणि आईनं ती आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली.