रजईखालचा भात

आमच्या ओक्सुनकाकूंना कुणी नावं ठेवली तर मला खपत नाही. कोरियातल्या मोक्पो बंदराच्या चढावर माझी लाँड्री आणि त्यांचं चित्रकथांचं दुकान, मध्ये भिंत एकच. चाळीस वर्षं लोक तिथे तासावर बसून पुस्तकं वाचताहेत, नूडल्स भुरकताहेत आणि वर पानं चोरताहेत. म्हणून नावाड्याच्या गोष्टीच्या शेवटच्या, एकोणिसाव्या भागाची शेवटची चार पानं गेली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. शेवट काकू तोंडी सांगायच्या. अकरा वर्षांनी नावाडी घरी येतो, बायको रजईखालून भाताची वाटी काढते, आणि भात अजून गरम असतो.

हा शेवट पहिल्यांदा ऐकला आमच्या गल्लीतल्या गुमहीने. तेव्हा बारा वर्षांची पोर. बाप त्याच हिवाळ्यात होडीसकट समुद्रात गेला होता, देह काही मिळाला नव्हता. घराबाहेर असलेल्या माणसाच्या वाटचा भात खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर रजईखाली ठेवायचा, ही आमच्याकडची रीतच. आधी तिची आई ठेवायची, आई गेल्यावर ती ठेवू लागली. आज पन्नाशीची झाली, तरी बापाचं श्राद्ध केलेलं नाही. विषय काढला की म्हणायची, जिवंत माणसाचं श्राद्ध घालतात का?

गेल्या महिन्यात त्या गोष्टीचा सिनेमा आला. सगळी गल्ली दुपारच्या खेळाला गेली. काकू तेवढ्या आल्या नाहीत, गुडघा दुखतो म्हणाल्या. नायक देखणा, पण वल्हं धरलेलं झाडूसारखं. वादळात गड्याचा भांगसुद्धा मोडत नाही! आणि शेवटी नावाडी येतच नाही. बायको किनाऱ्यावर भाताची वाटी ठेवते आणि मेलेल्याच्या भातात खोचतात तसा त्यात चमचा उभा खोचते. बाहेर येऊन आम्ही दिग्दर्शकाच्या सात पिढ्या उद्धारल्या. मेल्याने पुस्तकाची पार वाट लावली म्हणालो. तेवढ्यात एक परका माणूस बायकोला सांगत गेला की सिनेमा अगदी पुस्तकाबरहुकूम आहे. गुमहीने ते ऐकलं.

ती तडक दुकानात गेली. मीही मागोमाग गेलो, कारण आता काही खरं नाही हे दिसतच होतं.

"काकू, पानं कुणी फाडली?"

काकूंनी सारवासारव केली नाही. बिस्किटांचा जुना डबा काढून पिवळी पडलेली चार पानं पुढे ठेवली. तू एकोणिसावा भाग मागायला आलीस आणि तो तुझ्या हातात द्यायचा मला धीर होईना, म्हणाल्या.

गुमहीने पानं दोनदा वाचली.

"तेव्हा मी बारा वर्षांची होते, तुमचं बरोबरच होतं. पण पुढे तिशीची झाले, चाळिशीची झाले. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काय सांगू गं. तुझ्या दारावरून जाताना मीसुद्धा आत डोकावायचे, आला असेल का म्हणून."

एरवी काकूंची बाजू घ्यायला मी सगळ्यांच्या पुढे. त्या दिवशी मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावत बसलो. गुमही निघून गेली ती तीन आठवडे फिरकली नाही. काकू दुकान उघडत, पण जेवत नव्हत्या. मीच ओरडून चार घास खायला लावायचो.

मरणाची तिथी ठाऊक नसेल तर आमच्यात नवव्या महिन्याच्या नवमीला श्राद्ध करतात. त्या सकाळी गुमही दुकानाच्या दारात उभी.

"चला काकू. गुडघा दुखत असेल तर पाठीवर घेते."

आणि खरंच घेतलं. चढावर धापा टाकत, मधूनमधून काकूंच्या वजनावरून टोमणे मारत घरापर्यंत नेलं. मासळी, नासपती सगळं मांडलेलं होतं. तिने रजई उचलून नेहमीचीच वाटी काढली, झाकण बाजूला केलं आणि चमचा काकूंच्या हातात दिला.

"शेवट तुम्हीच सांगत आलात ना. मग हेही तुम्हीच करा."

काकूंचा हात वाटीवर येऊन अडला. गुमहीने त्यावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून चमचा भातात उभा केला. मी रडलो, उगाच खोटं कशाला बोलू?

श्राद्धाचा भात नंतर जमलेल्यांनी खायचा असतो. आम्ही तिघांनी खाल्ला. अजून गरम होता.