गेट बघून डॉक्टर होता येत असतं तर: निपाणी ते बेळगाव, एका दिवसात दोन कॉलेजं

आमच्या निपाणीत मेडिकल कॉलेज बघायला जायचं म्हणजे सोयरीक बघायला जायचं. माझे वडील, म्हणजे अण्णा, आई, काका आणि वैद्यकाशी शुगरच्या गोळीपुरता संबंध असलेली आत्या, एवढी फौज एका गाडीत. जिच्यासाठी हे सगळं ती मी, मागच्या सीटवर डब्यांबरोबर. प्रवेशाचा ऑप्शन भरायला दोनच दिवस उरले होते. पहिल्या नंबरावर कुठलं कॉलेज टाकायचं ते आज ठरणार होतं, आणि माझी पुढची सगळी वर्षं त्यावर.

अण्णा निघतानाच वैतागलेले. आमची तंबाखूची वखार आहे. तिथं गेली वीस वर्षं तंबाखू चाळणारी शांताक्का तीन दिवस आली नव्हती. लेकीचं बाळंतपण म्हणून सांगून गेलती. बाळंतपण काय हंगाम बघून येतं का, असं आई म्हणाली, तेव्हा त्यांनी गाडी सुरू केली.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी सातच्या आत निघा. उसाचा हंगाम नसेल तर संकेश्वरपर्यंत रस्ता सरळ, तिथं चहा बरा मिळतो. आम्ही जैन, त्यात चातुर्मास, त्यामुळं खाणं घरचं आणि घरी परत सूर्य मावळायच्या आत. ज्यांना असलं बंधन नाही त्यांनी बेळगावात कुंदा खावा आणि आमच्यावर उपकार म्हणून फोटो टाकू नये.

पहिलं कॉलेज हायवे सोडून बरंच आत. नाव लिहीत नाही. गेट मात्र असं की काका गाडीतून उतरून आधी त्याच्यासमोरच उभे राहिले आणि माझा फोटो काढला. ॲडमिशन अजून झाली नव्हती, पण स्टेटसला गेलीसुद्धा. टाय लावलेल्या एका गृहस्थानं आम्हाला फिरवलं. आत्यानं बिनकांद्याच्या मेसची चौकशी केली, आईनं हॉस्टेलच्या कड्या ओढून बघितल्या, काकांनी जिमचं मशीन चालवून बघितलं. पेशंट किती येतात, हे एकानंही विचारलं नाही. मीच म्हटलं, वॉर्ड बघायचाय. टायवाला लगेच तयार.

वॉर्ड गच्च भरलेला. एकही खाट रिकामी नाही. काकांचा ऊर भरून आला, शिकायला लई मिळंल म्हणाले. मला मात्र काहीतरी खटकत होतं. एकालाही सलाईन नव्हतं. सगळ्यांच्या उशाशी पिशवी, पिशवीत चपला. दोन बाया निवांत पान लावत होत्या. नर्स फिरत फिरत ‘मलकोरी, मलकोरी’ करत होती, म्हणजे झोपा, झोपा. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईनं आम्हाला बघितलं आणि झटकन चादर डोक्यावर ओढली. चादरीतून खोकला आला. तो खोकला मी लहानपणापासून ऐकलाय.

मी चादर बाजूला केली. शांताक्का.

“कालेजची तपासणी व्हणार हाय म्हणं, खाटा भरलेल्या दिसाय पायजेत,” ती हळूच म्हणाली. “रोज गाडी येती न्यायला. नुस्तं झोपायचं, दोन वेळचं जेवान देत्यात. अण्णास्नी सांगू नगंस गं.”

अण्णा माझ्या मागंच उभे होते. टायवाल्याला अचानक फोन आला.

मी विचारलं, आणि खोकला? तो बघितला का कुणी?

“तीन दिस दवाखान्यात हाय बाई,” ती म्हणाली. “पर खोकल्याचं कुणी इचारलं न्हाय.”

दुसरं कॉलेज सरकारी. गेट आठवत नाही, बहुतेक होतं. ओपीडीच्या रांगेत इतकी माणसं की आत्या बाहेरच थांबली. एक शिकाऊ डॉक्टर पोरगी एका म्हाताऱ्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून मोडक्या कन्नडमध्ये प्रश्न विचारत होती, म्हातारा तिचं कन्नड दुरुस्त करत उत्तरं देत होता. काकांना इथं फोटो काढावासा वाटला नाही. मी तिथंच ठरवलं.

परत येताना गाडीत मी मनातल्या मनात त्या टायवाल्याला शिव्या घालत होते. डॉक्टर घडवायला निघालेत म्हणे, शरम कशी वाटत नाही! निपाणी येईपर्यंत माझा राग तसाच गरम होता, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटत होतं त्यात.

ऑप्शन मीच भरला, पहिल्या नंबरावर सरकारी. अण्णांनी बघितलं, नको म्हणाले नाहीत. सोमवारी शांताक्का वखारीत आली, मान खाली घालून. तिला त्याच ओपीडीत न्यायचं म्हणून मी तयारी केली आणि रांगेत विचारतात तसं विचारलं, खोकला कधीपासून आहे?

“चाळणीवर बसल्यापास्नं,” ती म्हणाली.

मागं अण्णा वहीत डोकं घालून बसले होते. तीन दिवसांत त्या कॉलेजनं तिला विचारलं नाही म्हणून मी रस्ताभर तडफडले. आम्ही वीस वर्षांत विचारलं नव्हतं.