मावशीच्या बायोडाट्यांत शिरलेला माणूस

आधीच सांगून ठेवतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमच्या अमरावतीत लोक कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधतात. मी तो बंद करून परत चालू करतो... आणि चालतो तो! पण दिवाळीनंतर अकोल्यात जे झालं, ते वाचा आणि मग मला हसा.

माझी निमामावशी अकोल्यात वधू-वर सूचक केंद्र चालवते. तेल्हाऱ्यापासून अमरावतीपर्यंत कित्येकांची लग्नं तिने जुळवली, स्वतःचं मात्र राहूनच गेलं. साठीला आली, घरात एकटी. माझ्या आईचा सगळा जीव त्या एकाच गोष्टीत अडकलेला. बायोडाटे कापडी पिशव्यांत, पिशव्या माळ्यावर, आणि मावशीचे गुडघे गेलेले. म्हणून मला बोलावणं आलं.

"बाबू, हे सारं कॉम्प्युटरात टाकून दे. पण फुकटातलं पाह्य."

फुकटातलं म्हणजे ओपन सोर्स. कागदपत्रं साठवणारी, शोधून देणारी तीन सॉफ्टवेअर मी निवडली. तिन्हींत तेच स्कॅन टाकायचे आणि जे बरं चालेल ते ठेवायचं, असा बेत. मावशीची एक पद्धत आहे. मुलगा-मुलगी बघून आली की बायोडाट्याच्या मागे पेन्सिलने खरं काय ते लिहिते — "पोरगा बरा, माय वाघीण." त्यामुळे दोन्ही बाजू स्कॅन केल्या.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये मी शोधलं, "पुणे, इंजिनियर". सगळ्यात वर कोण? वसंतराव, मुक्काम सेमाडोह, जंगल खात्यातून निवृत्त, विधुर.

"हे कोन होय?" मावशी म्हणाली. तिला प्रत्येक बायोडाटा तोंडपाठ, हा मात्र नाही. पिशव्या उलट्या केल्या, त्याचा कागदच नाही. माझ्या स्कॅनच्या फोल्डरमध्येही नाही! मी ते सॉफ्टवेअर उडवलं आणि दुसरं टाकलं. "गोरी, बी.एड." शोधलं... वसंतराव! तिसरं टाकलं. तिथेही वसंतराव, हसतमुख.

आता माझी तंतरली. ओपन सोर्सचं बरं असतं, आतला कोड उघडून बघता येतो. बघितला. त्यात वसंतराव नव्हते. शेवटी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या फोरमवर विचारलं. परदेशातल्या एकाने कळवलं, आमच्यात असा दोष नाही, पण त्या गृहस्थांचं जमलं तर जरूर सांगा.

मग मावशीने त्या बायोडाट्याची मागची बाजू उघडायला लावली. पेन्सिलीत लिहिलं होतं, "मानूस चांगला. हळू जेवते."

"अक्षर त माह्यंच हाय," मावशी खुर्चीत बसली. "पन मी कधी लिहलं नाई, बाबू!"

पुढच्या बाजूला अपेक्षांच्या रकान्यात एकच ओळ होती — जेवताना समोर कोणी बसलेलं असावं. ती ओळ मावशीने बराच वेळ वाचली. मग खेकसली, "फोन लाव. लोकायचा कागद आपल्यापाशी काहून ठेवाचा?"

वसंतराव एसटीने आले. शांत माणूस. "मी बायोडाटा कधी बनवलाच नाई जी," म्हणाले. स्क्रीनवरची अपेक्षा वाचली आणि चष्मा काढून पुसत बसले. "हे मी अजून कोनालेच नाई सांगितलं."

मावशीने झुणका-भाकर वाढली. माझ्या तीन भाकरी झाल्या तरी वसंतराव पहिलीच तोडत होते. एरवी ओट्याशी उभ्या-उभ्या जेवणारी माझी मावशी आपलं ताट घेऊन त्यांच्या समोर बसली. मला, खरं सांगतो, भरून आलं. आईला फोन करायला मी बाहेर पळालो.

ते आता दर रविवारी येतात. संक्रांतीनंतर दोघं नोंदणी लग्न करणार आहेत. तो बायोडाटा कुठून आला, कोणी टाकला, मावशीचं अक्षर त्यावर कसं, मला आजही सांगता येत नाही. मावशीला तसं म्हणालो तर उलट मलाच झापलं, "जमलेल्या लग्नाचं कारन आजवर कोनाले सापडलं, त तुले सापडीन?"

गेल्या रविवारी मी विचारलं, "मावशी, तिन्हींपैकी कोणतं सॉफ्टवेअर ठेवू? एकदा ठरव तरी."

ती दोन ताटं पुसत होती.

"लोकायसाठी कोनतंबी ठेव, बाबू. माह्यं शोधनं झालं."