हार्लनची हरकत

विधानसभेच्या गॅलरीत लोरेना एकटीच उभी होती. गौरवाचा ठराव मंजूर होईपर्यंत सत्कारमूर्तीने बसायचं नाही, असा रिवाज होता. विद्यापीठाच्या शासन-संपर्क विभागात तिने केलेल्या इंटर्नशिपचा गौरव खाली वाचला जात होता. एका जरी आमदाराने हरकत घेतली, तर सगळं बारगळणार होतं.

“कुणाची हरकत?” सभापतींनी विचारलं.

विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती कापायला निघालेला म्हातारा आमदार हार्लन उठला.

“तुलाच हौस होती ना म्हाताऱ्याची बेरीज सुधारायची!” शेजारी बसलेली मैत्रीण पुटपुटली.

“माझी आहे,” हार्लन म्हणाला. “या पोरीने भर समितीत माझे आकडे खोटे पाडले. ते ठरावात कुठंय? तेवढं घाला, मग हरकत नाही.”

ती ओळ घालून ठराव मंजूर झाला, हातोडा पडला. आता बसायला मोकळीक होती, तरी लोरेना उभीच राहिली.