माझ्या नावाचं टेंडर

"मालकाला पाठवा," असं बीडच्या त्या ऑफिसातल्या बाबूनं मला सांगितलं, तेव्हा माझ्या हातात माझ्याच फर्मची कागदपत्रं होती आणि वरच्याच कागदावर माझा फोटो होता. मी म्हटलं, "मालक मीच आहे." त्यानं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हसत शेजारच्याला म्हणाला, "कागदावरच्या मालकीणबाई आल्यात." शेजारचाही हसला. आपण काही वावगं बोललो असं त्या दोघांच्या गावीही नव्हतं, आणि मला जास्त राग आला तो त्याचाच.

पण त्यांचं हसणं अगदीच हवेतलं नव्हतं. बाईच्या नावावर लहान उद्योग नोंदवला की सरकारी निविदेत काही सवलती मिळतात. बयाणा रक्कम भरावी लागत नाही, कधी अनुभवाच्या अटीतून सुटका होते. त्यामुळे आमच्याकडं कितीतरी बायका ठेकेदार आहेत, फक्त त्यांचं त्यांना माहीत नाही. मी त्यांच्यातली नव्हते. माझ्या नावावर गाद्यांचं काम होतं आणि ते मीच करत होते.

उमापूरला आमचं कापडाचं दुकान आहे. सासरे गेल्यापासून थोरले दीर गल्ल्यावर बसतात. सकाळी कपाळाला विभूती लावून ते बसले की दुकानात त्यांचाच शब्द शेवटचा. माल आणायचा, टेम्पो चालवायचा हे माझ्या यजमानांकडं. दुकानामागची पत्र्याची खोली रिकामीच होती, तिथं मी गाद्या-उशा करायला लागले. गावाभोवती कापूसच कापूस, जिनिंगवरनं रुई आणायला घरचा टेम्पो, खोळीला दुकानातलंच कापड. आधी लग्नातल्या गाद्या केल्या, मग गेवराईच्या दवाखान्यांच्या. शिवायला गावातल्याच बायका. घरची माणसं मेंढरांमागं लांब गेली की मागं राहणाऱ्या दोघी होत्या, त्यांचा हात सगळ्यात पक्का. सीए म्हणाला, फर्म वहिनींच्या नावानं काढा, फायदा होईल. दिरांनी लगेच मान डोलावली.

मग ती निविदा निघाली. ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या वसतिगृहांसाठी गाद्या, उशा, चादरी. ती वाचली आणि मी ठरवलं की हे काम आपण घ्यायचं. माझं माहेर आष्टी तालुक्यातल्या कड्याचं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरी दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊस तोडायला जायच्या. परत यायच्या तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असायची. माझ्या बाकावरची एक तर परत आलीच नाही, तिचं तिकडंच लग्न लावून टाकलं. आता अशा पोरींसाठी वसतिगृह निघालंय, तर त्यांच्या पाठीखाली धड गादी तरी असावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

टेंडर भरायचं कसं हे मला कुणी शिकवलं नाही. मी पोर्टलवरची माहिती वाचत गेले, अडलं की फोन लावत गेले. डिजिटल सहीचा डोंगल घेतला. पेनड्राइव्हसारखी एक कांडी असते. ती लावून पासवर्ड टाकला की सही आपलीच, असं कॉम्प्युटर धरून चालतो. निविदा दोन पाकिटांत जाते. सगळं ऑनलाईन झालं तरी लोक पाकीटच म्हणतात. पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. पहिलं पास झालं तरच दुसरं उघडतं. ज्याला पाडायचं असतं त्याला पहिल्यातच पाडतात, हे मला नंतर समजलं.

निविदा भरायच्या आधी एक माणूस दुकानात आला. एका मोठ्या ठेकेदाराचा माणूस होता. दिरांसमोर बसून, चहा घेत तो म्हणाला, "अप्पा, वसतिगृहाचं काम आमच्या शेटचं हाय. दाखवायला अजून दोन निविदा लागत्यात. तुमची फर्म सपोर्टला द्या. आमी सांगू तो दर टाकायचा, आमच्यापेक्षा चढा. बाकी तुमी बघायचंच न्हाई."

मी मागच्या दारातून पुढं आले. "फर्म माझी आहे. मी माझ्या दरानं भरणार आहे."

तो माझ्याशी बोललाच नाही. दिरांना म्हणाला, "वहिनीला समजावून सांगा. कावून उगं डोक्याला ताप?"

दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत, आमच्याकडं तशी रीत नाही. त्यांनी माझ्या यजमानांना हाक मारली आणि मी समोर उभी असताना त्यांना म्हणाले, "त्यांना सांग, ही लई मोठी माणसं हायेत. आपून कापड इकणारे."

मी निविदा भरलीच. नमुन्याची गादी मी स्वतः शिवली. आत नवी रुई, वर जाड खोळ, आणि कडेला लाल दोऱ्याची दुहेरी शिलाई, कारण पोरी गादी ओढतात ती कडेला धरूनच. टेम्पोत घालून आम्ही ती बीडच्या त्याच ऑफिसात दिली. पाकीट उघडलं तेव्हा माझ्या नावापुढं एकच ओळ होती. नमुना सादर केला नाही, म्हणून अपात्र.

दुसऱ्या दिवशी मी तिथं हजर. यजमान खाली टेम्पोपाशी थांबले. बाबू वर न बघताच म्हणाला, "नमुना आलाच नाही."

"मी तुमच्याच हातात दिलाय."

"आला असता तर दिसला असता ना, बाई?"

मी साहेबांना भेटायचं म्हटलं. साहेब जेवत होते. मी बाकावर बसून राहिले. मग साहेबांच्या केबिनला लागून असलेल्या खोलीचं दार उघडून शिपाई रिकामा डबा घेऊन बाहेर आला आणि दार अर्धवट उघडंच राहिलं. आत खाट होती. खाटेवर पांढरी चादर होती आणि चादरीखालून लाल दोऱ्याची दुहेरी शिलाई डोकावत होती.

मी उठले आणि सरळ आत गेले. "ओ बाई, आत कुठं?" म्हणत शिपाई मागं धावला. साहेब रुमालानं हात पुसत उभे होते.

"कोण तुम्ही? ही माझी विश्रांतीची खोली आहे."

"आणि ही माझी गादी आहे," मी म्हटलं. चादर बाजूला काढली, गादी ओढून खाली घेतली. रुईची गादी जड असते. ती मी फरफटत दारातून बाहेर काढली. ऑफिसातली सगळी माणसं आपापल्या टेबलावरून बघत होती. तेवढ्यात यजमान जिना चढून वर आले. मला वाटलं, आता हे मला मागं ओढणार. त्यांनी वाकून गादीचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ती उचलून बाबूच्या टेबलावर टाकली. त्याचा चहा सांडला.

"हा घ्या तुमचा न आलेला नमुना."

साहेब मागून ओरडले, "सरकारी कामात अडथळा आणताय. गुन्हा दाखल करीन तुमच्यावर."

"करा. पंचनामा होईल तेव्हा गादी कुठं सापडली तेही लिहायला सांगा."

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेब केबिनमध्ये गेले.

परतताना टेम्पोत यजमान म्हणाले, "नारायणगडावर दर्शन घेऊन जाऊ, जरा शांत वाटंल." मी म्हटलं, "मला शांत व्हायचं न्हाई." मला भीती वाटत नव्हती. डोकं एकाच गोष्टीनं पेटलं होतं. गादी चांगली आहे हे त्या साहेबाला पाठ टेकली तेव्हाच कळलेलं होतं. रोज दुपारी तो तीवर झोपत होता. आणि त्याच्याच सहीनं ती गादी पोरींपर्यंत जायची थांबवली होती. गादी वाईट म्हणून पाडली असती तर मी दुसरी शिवली असती.

मी लेखी हरकत घेतली. काही दिवसांनी पोर्टलवर आलं, निविदा प्रशासकीय कारणास्तव रद्द. बाबू त्याच खुर्चीवर, साहेब त्याच केबिनमध्ये. कुणाला कुणी साधं विचारलंही नाही.

पुन्हा निविदा निघाली तेव्हा मी कागद तयार करून, दर काढून कॉम्प्युटरपुढं बसले. पोर्टल उघडलं तर माझी निविदा आधीच भरलेली. माझं नाव, माझी सही. आधी वाटलं, आपलीच काही चूक झाली असेल. दुसऱ्या पाकिटातली फाईल उघडली आणि दर बघितला. इतका चढा की कुणी शहाणा माणूस टाकणार नाही.

डोंगल दुकानाच्या गल्ल्यात असायचा. पहिल्या खेपेला मी पासवर्ड टाकला तेव्हा दीर शेजारी बसलेले होते.

घरातले पुरुष जेवायला बसले होते. जाऊबाई भाकरी वाढत होत्या. मी दारात उभं राहून विचारलं, "दादा, माझी सही कुणी केली?"

दिरांनी माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या यजमानांना म्हणाले, "त्यांना सांग, घराच्या भल्यासाठी केली. त्या ठेकेदाराशी वाकडं घेऊन आपल्याला दुकान चालवायचं हाय का न्हाई?"

"मला सांगा," मी म्हटलं. "मी इथंच उभी आहे. त्या बाबूनं मला परकी समजून हाकललं. तुम्ही तर माझ्याच नावानं मला पाडलंत."

यजमान ताटावरून उठले. भावासमोर त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. फक्त म्हणाले, "दादा, हे बरं न्हाई केलं तुमी." आणि हात धुवायला गेले.

तेवढ्यात जाऊबाई भाकरी हातात धरून थांबल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्याबी सह्या घेता तुमी. त्या कशाच्या असत्यात?"

"तू वाढ," दीर म्हणाले.

जाऊबाईंनी भाकरी टोपल्यात ठेवली, टोपलं त्यांच्यासमोर सरकवलं आणि त्या आत निघून गेल्या. त्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, पण दिरांना स्वतःच्या हातानं भाकरी घेऊन खाताना मी पहिल्यांदा बघितलं.

मुदत संपायच्या आत निविदा परत भरता येते, शेवटची भरलेली तीच धरतात, हे मी वाचलेलं होतं. मी परत कॉम्प्युटरपुढं बसले. माझा दर टाकला, पासवर्ड बदलला आणि डोंगल माझ्या कपाटात ठेवला. ठेकेदाराला याचा पत्ता नव्हता. तो आमच्याकडचा चढा दर धरूनच बसला होता, म्हणून या खेपेला पहिल्या पाकिटात मला कुणी पाडलं नाही.

दर उघडले तेव्हा सगळ्यात कमी माझा निघाला. ठेकेदाराच्या माणसाचा फोन दिरांना आला. फोन ठेवून ते दुकानातून उठून गेले, ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. ऑफिसनं मला बोलावलं, एवढ्या कमी दरात परवडतंच कसं ते सांगा म्हणून. मी रुईपासून टेम्पोच्या डिझेलपर्यंत सगळं सांगितलं. चढे दर लावणाऱ्यांना ते कधी असं विचारतात का, हेही विचारलं. शेवटी ऑर्डर मिळाली.

पहिला माल आष्टी तालुक्यातल्या एका वसतिगृहात पोचवला. तिथल्या वॉर्डन बाईंनी आधीच्या पुरवठ्यातली एक गादी आम्हाला फाडून दाखवली. आत चिंध्या पिंजून केलेला काळा भुगा, त्याचे गोळे झालेले. पोरी तीवर ओढणी अंथरून झोपत. आम्ही गाद्या टाकत होतो तेव्हा एक पोरगी नव्या गादीच्या कडेवर अगदी अलगद बसली. तिनं मला विचारलं, "मॅडम, ही कधी परत नेणार?"

मला कळेना. वॉर्डन बाईंनी सांगितलं, "तपासणी असली की चांगलं सामान येतं आणि तपासणी झाली की जातं. यांना तेच माहीत आहे."

मी तिला सांगितलं की ही कुणी नेणार नाही. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. ऑर्डर मिळाल्याचा जो काही आनंद होता तो तिथंच गेला.

यंदाच्या निविदेत नवी अट आलीय. सगळ्या विभागाचा पुरवठा एकत्र, एकाच ठेकेदाराकडून. आमच्या पत्र्याच्या खोलीला ते कधीच झेपणार नाही, आणि अट घालणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. निविदेआधीच्या बैठकीत मी उभी राहून विचारलं, तालुक्यागणिक वेगळी निविदा का नाही? खुर्चीवरचे साहेब आता नवे आहेत. तेही हसले. म्हणाले, "ताई, लहान माणसांनी लहान कामं बघावीत."

मी त्यांना म्हटलं, माझा प्रश्न आणि तुमचं हे उत्तर, दोन्ही बैठकीच्या टिपणात घाला. ते लिहीनात. मग मी खाली बसलेच नाही. बैठक संपेपर्यंत तशीच उभी राहिले.