गोलीचा डावा डोळा

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी दुकानातून अमरावतीला फोन करत होतो. पलीकडे माझ्या बायकोचे मोठे भाऊ. पेशाने वकील, आणि फुटबॉलचे माझ्याइतकेच वेडे. विषय एकच, रविवारी कोण जिंकणार. त्यांचा अमरावतीचा संघ आणि आमचा अकोल्याचा संघ गटात बरोबरीला आले होते. आता एकच सामना उरला होता, तोही त्यांच्या मैदानावर. जिंकणारा वरच्या गटात खेळायला नागपूरला जाणार, हरणाऱ्याचं वर्ष तिथेच संपणार.

"हं भाऊजी, मांडा तुमची बाजू," ते फोन उचलताच म्हणायचे.

मी मांडायचो. आमचं मैदान मुरमाचं, पडलं की गुडघा सोलून निघतो. अशा जमिनीवर शिकलेली पोरं तुमच्या हिरवळीवर आली की वाऱ्यासारखी पळतील. आमच्या बचावातले दोघं सख्खे भाऊ. दिवसभर एकाच वेल्डिंगच्या दुकानात राबतात, एकमेकांना हाकही न मारता जागा बदलतात. डावीकडून पळणारा आमचा गडी तुमच्या थोराड खेळाडूंना नुसता फिरवून दमवेल. आणि हे सगळं बाजूला ठेवा, आमचा गोली बघा. चौदा वर्षं तो गोलमध्ये उभा आहे. त्याच्या अंगावरून चेंडू न्यायचा म्हणजे आधी त्याला उचलून बाजूला ठेवावं लागेल.

माझं चष्म्याचं दुकान मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे. वडिलांपासूनचं. लहानपणी वडील शटर अर्धं ओढून मला सामना बघायला न्यायचे, ती सवय मला लागली ती लागलीच. गोलीचा पहिला सामना मी बघितला, त्यानंतर अकोल्यातला त्याचा एकही चुकवला नाही. पातूर रस्त्याला त्याची लिंबाची बाग आहे. सकाळी लिंबं बाजारात उतरवायची, दुपारनंतर मैदानावर यायचं, असा त्याचा दिवस. त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढायचा, हे बायको मला पुष्कळदा सांगायची.

सोमवारी वकीलसाहेबांनी मला मध्येच थांबवलं.

"ते सगळं ठीक. मागच्या सामन्यात तुमच्या गोलीने तो लांबून मारलेला गोल कसा खाल्ला? चेंडू तर सरळ त्याच्याकडेच येत होता."

"ऊन होतं डोळ्यावर."

"त्या दिवशी ढगाळ होतं, भाऊजी. मी तिथेच बसलो होतो."

मी काहीतरी पुटपुटलो. माणूस आहे, एखाद्या वेळी चुकतो, असं. फोन ठेवला आणि काचेच्या दारातून गोलीच आत आला. दुकानात दुसरं कोणी नाही याची त्याने आधी खात्री करून घेतली.

"भौ, जरा डोया पाहून द्या माहा," तो म्हणाला. "डावा."

मी डॉक्टर नाही, मी नंबर काढतो. त्याला खुर्चीवर बसवलं, उजवा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. त्याने सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर वाचलं. खालच्या ओळीपाशी तो थांबला. मी वाट बघितली. बॅटरी लावून पाहिलं तर बुबुळाच्या मधोमध दुधासारखं पांढुरकं काहीतरी दिसलं.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीच्या आंधी लिंबं तोडता तोडता काटा लागला. मेडिकलातून थेंब आनले, टाकले. दुखनं गेलं. पन धुकं काई गेलं नाई."

मी त्याला स्पष्ट सांगितलं, उद्याच्या उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, बहुतेक ऑपरेशन करावं लागेल. एका डोळ्याने बघताना चेंडू किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. आणि चांगल्या डोळ्यावर कोणाचा बूट बसला तर काय होईल, याचा विचार कर.

"जातो ना. सोमवारी जातो. रविवार होऊन जाऊ द्या." मग त्याने माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्याने माझा हात असा कधी धरला नव्हता. "कोनालेच सांगू नका, भौ. आपल्या कोच मास्तरले त बिलकुलच नाई. मी छत्तीस वर्षांचा झालो. एकदा बसलो त मले पुन्हा कोनी उभं नाई करत."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हिशेब केला. "सामना तीनला आहे. पाचच्या आत संपेल. तोवर उजेड चांगला असतो. निभेल तुझं," मी म्हणालो. हे त्याने मला विचारलं नव्हतं. मी आपणहून बोललो.

मंगळवारपासून फोनवर मी जास्तच जोरात बोलायला लागलो. वकीलसाहेबांनी एक मुद्दा काढला की मी तीन सांगायचो. रात्री अंथरुणावर पडलो की ते पांढुरकं बुबुळ समोर यायचं. मग मी स्वतःलाच सांगायचो की चौदा वर्षांचा सराव आहे, एक डोळा तर ठणठणीत आहे, आणि नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे.

गुरुवारी चहाच्या टपरीवर मास्तर भेटले. ते शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक, आमच्या संघाचे कोच. चहा निवेस्तोवर ते कपाकडे बघत बसले होते.

"तुमी सगळे सामने पाहता म्हनून इचारतो," ते म्हणाले. "आपला गोली उंच चेंडूवर उशिरा निघून राहिला का? मले तसं वाटून राहिलं. दुसऱ्याले दोन-तीन दिवस तयार करू का?"

दुसरा गोली एका पतसंस्थेत नोकरीला होता. अंगाने चांगला, पण मोठ्या सामन्यात कधी न उतरलेला. मास्तरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडाशी शब्द आले होते.

"काहून मास्तर?" मी म्हणालो. "एक गोल खाल्ला म्हणून? त्याच्यासारखा गोली अख्ख्या वऱ्हाडात दाखवा मले. आता त्याले हलवलं त समोरच्यांना आपण घाबरलो असं वाटेल."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

रविवारी सकाळी दोन गाड्या भरून आम्ही निघालो. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. पोरं गात होती. गोली पुढच्या सीटवर काचेला डोकं लावून डोळे मिटून बसला होता. त्याने माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही. मैदानावर वकीलसाहेबांनी माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. पिशवीत घरचे मुरमुरे आणि शेव होती.

तीन वाजले. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले, पण प्रमुख पाहुणे आले नव्हते. साडेतीन वाजले. माइकवरून पाच मिनिटं, पाच मिनिटं असं चालू होतं. पाहुणे आले तेव्हा चार वाजायला आले होते. मग हार, मग नारळ, मग एकेका खेळाडूशी हात मिळवणं आणि फोटो. त्यानंतर भाषण. मी सूर्याकडे बघत होतो. डिसेंबरचे दिवस, पावणेसहाला अंधारून येतं.

"एवढे काय अस्वस्थ होता?" वकीलसाहेब म्हणाले. "हरायची भीती वाटते का?"

शिट्टी वाजली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पहिल्या अर्ध्या वेळात सूर्य गोलीच्या पाठीशी होता. आमची पोरं खरंच हलकी होऊन पळत होती. वेल्डिंगवाले भाऊ मी सांगितलं होतं तसेच खेळत होते. वकीलसाहेब दोनदा "वा!" म्हणाले, तेही आमच्यासाठी. माझं मात्र चेंडूकडे लक्ष नव्हतं, मी गोलीची मान बघत होतो. चेंडू डावीकडून आला की तो अख्खं डोकं वळवायचा, पाखरासारखं.

मध्यंतराला थोडा वेळ उरला असताना डावीकडून एक उंच चेंडू आला. गोली उशिरा निघाला. हात वर गेले, चेंडू बोटांच्या पलीकडून गेला. समोरच्या खेळाडूने पाय फेकला. त्याचा बूट गोलीच्या उजव्या गालाला घासून गेला आणि चेंडू खांबावर आपटून बाहेर पडला. गोली जमिनीवर पडला, क्षणभराने उठला. गालावरून रक्ताची रेघ आली होती. सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. अमरावतीवाल्यांनीसुद्धा.

"काय छाती आहे हो!" वकीलसाहेब म्हणाले.

ती छाती नव्हती. त्याचा एकुलता चांगला डोळा वर चेंडूवर होता, तो बूट त्याला दिसलाच नव्हता.

मध्यंतर झालं तेव्हा पाच वाजायला आले होते. आता बाजू बदलणार होत्या. सूर्य सरळ त्याच्या डोळ्यांवर येणार होता, आणि त्यानंतर अंधार. मी दोरीखालून वाकून आमच्या तंबूकडे गेलो. गोली गालाला बर्फ लावून एकटा बसला होता. मला बघून त्याने आधीच मान हलवली.

"पंचेचाळीस मिनिटं, भौ. फक्त पंचेचाळीस."

"तो बूट दिसला होता का तुले?"

त्याने बर्फ गालावर आणखी दाबला.

"खरं सांग. दिसला होता का?"

"नाई," तो म्हणाला. "पन तुमी म्हनले होते निभंन म्हनून."

मी मास्तरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, लिंबाचा काटा, तक्ता, बुबुळ. मास्तर ऐकत होते. त्यांनी गोलीकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिले.

"तुमाले कधीपासून माहीत हाये?"

"सोमवारपासून."

"अन् गुरुवारी मी तुमाले इचारलं होतं."

"हो."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ते वळले आणि पतसंस्थेतल्या त्या दुसऱ्या गोलीला म्हणाले, "हातमोजे घाल." तो आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला.

आमचा गोली उठला नाही. त्याने हातमोजे काढून खाली ठेवले आणि मैदानाकडे पाठ करून बसला.

दुसरा अर्धा वेळ मी दोरीपाशी उभा राहून बघितला. खुर्चीकडे परत जायची हिंमत झाली नाही. नवा गोली बरा खेळला, खोटं कशाला बोलू. दोन चेंडू अंगावर घेतले, एक मुठीने बाहेर ढकलला. पण त्याला आणि भावांना एकमेकांची सवय नव्हती. तो कधी निघेल हे त्यांना कळत नव्हतं, ते कधी सोडतील हे त्याला. संपायला पाच-सहा मिनिटं असताना एक साधा चेंडू मधोमध आला. तिघंही एकमेकांकडे बघत थांबले. अमरावतीचा खेळाडू मधून घुसला आणि त्याने चेंडू आत ढकलला. फटाके फुटले. आमच्या गोलीने मागे वळून बघितलं नाही. आवाजावरूनच त्याला कळलं असणार.

एक-शून्य.

अंधारात वकीलसाहेब मला शोधत आले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी जिंकल्याचा एकही शब्द काढला नाही. स्कूटरपाशी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्कूटरला लावलेली किल्ली परत काढली.

"सोमवारी सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर दुसऱ्याला सहा दिवस मिळाले असते. पहिल्याला डॉक्टर मिळाला असता. आणि तुम्ही रोज फोनवर मला..." त्यांनी स्कूटर सुरू केली. "चला. घरी सगळे जेवायला थांबलेत."

मी जेवायला गेलो नाही. पोरांबरोबर गाडीत बसलो. परतीच्या वाटेवर कोणी गात नव्हतं. मास्तर माझ्या पुढच्याच सीटवर होते. अकोला येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

गोली सोमवारी खरंच डॉक्टरकडे गेला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. ऑपरेशनही झालं. माझ्या दुकानासमोरून तो लिंबाची गाडी घेऊन जायचा, थांबायचा नाही. मी एकदा हाक मारली. त्याने ब्रेक लावल्यासारखं केलं आणि पुढे निघून गेला.

एप्रिलमध्ये अकोटला एका लग्नात आम्ही समोरासमोर आलो. उन्हं टळटळीत होती, मांडवात पंख्याखाली दोनच खुर्च्या रिकाम्या होत्या. तो काळा चष्मा लावून आला, इकडेतिकडे बघितलं आणि नाइलाजाने माझ्या शेजारी बसला.

"डोळा कसा आहे?" मी विचारलं.

"मानूस ओयखू येते. बारीक अक्षर नाई वाचता येत."

"परत उतरणार का?"

"डॉक्टर नाई म्हनते."

बँडवाले दारात वाजवत होते. ते थांबल्यावर त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"माहा राग अजून गेला नाई, भौ," तो म्हणाला.

"मास्तरांना सांगितलं म्हणून?"

"नाई. त्या दिवशी सांगितलं ते बराबरच केलं. सोमवारी नाई सांगितलं म्हनून."

"अरे, पण तूच तर हात धरून..."

"मी त धरनारच होतो हात! मी गोली हाये. मले उभंच राहावं वाटंन." त्याचा आवाज फाटला, आजूबाजूच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. त्याने आवाज खाली आणला. "डोया तुमी पाह्यला होता. मले नाई म्हननारे तुमीच एकटे होते. अन् तुमी घड्याय पाह्यलं."

त्याला जिंकायचं होतं त्याहून मला जास्त जिंकायचं होतं, हे मला कळलं होतं, पण ते त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

कोणीतरी पंगत बसल्याचं ओरडून सांगितलं. तो उठला, आणि मी उठतो की नाही हे बघत उभा राहिला. आम्ही शेजारी शेजारी बसलो. वाढप्या वरण घेऊन आला तेव्हा माझं लक्ष नव्हतं, तर गोलीने माझी वाटी पुढे सरकवली. मात्र जेवण संपेपर्यंत तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.