करंगळीतली अंगठी

माझी धाकटी जाऊ नगमा. बिर्याणी मी रांधावी अन् नाव तिचं व्हावं, असं तिचं नशीब.

त्या साली कापसाले भाव नव्हता. बायांच्या हाताले काम मिळावं म्हणून अकोल्यात एका संस्थेनं चांदीच्या मातीचे दागिने करायले शिकवलं. चांदीची भुकटी मातीवानी मळलेली असते. ती हातानं घडवायची अन् भट्टीत भाजायची, की निव्वळ चांदी उरते.

आमी दोघी गेलो. नगमानं अंगठीवर कपाशीच्या पऱ्हाटीचं पान दाबून शिरांची नक्षी उठवली. शिकवणाऱ्या बाई "वा!" म्हणाल्या. त्या पुढं काय बोलल्या ते मले ऐकूच आलं नाही, माझा डोळा नगमाच्या हातावर. मी माझ्या बोटाच्या बरोबर मापाची अंगठी केली, तिच्यापेक्षा दुप्पट नक्षीची.

भाजून निघाली तर बोटात शिरेना.

"भाजल्यावर आकसते, मोठी करा म्हटलं होतं ना," बाई म्हणाल्या.

मी जोर लावून राहिले होते, तेवढ्यात नगमानं ती अलगद घेऊन आपल्या करंगळीत घातली. "भाभी, मले बसली!"

घरी सासूनं तिच्या हातातल्या दोन्ही अंगठ्या पाहिल्या. करंगळीतलीवर बोट ठेवून म्हणाली, "नगमाच्या हाताले हुनर आहे."